आरुशातला निकाल आणि गवतावरचा न्याय

न्यायालयाने गुन्हेगारांना शिक्षा दिली की समेट मागोमाग येतोच, हा मुद्दा मला पटत नाही. रवांडाचंच बघा. तिथल्या १९९४च्या वंशसंहारासाठी (हुतू कट्टरवाद्यांनी केलेली तुत्सींची कत्तल) नेमलेलं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसलं शेजारच्या टांझानियात, आरुशाला. १९९४ ते २०१५ या काळात त्याने ९३ जणांवर आरोप ठेवले. अकायेसू या माजी महापौराविरुद्धचा १९९८चा निकाल तर फार मोलाचा: बलात्कार हाही वंशसंहाराचा भाग ठरू शकतो, हे त्यात पहिल्यांदा मान्य झालं. पण डोंगरावरच्या गावातल्या विधवेपर्यंत यातलं किती पोचलं असेल?

तिला हवं होतं ते वेगळंच. नवऱ्याला, मुलांना कुठे पुरलं? आणि ते ठाऊक असलेला माणूस बऱ्याचदा शेजारीच राहत होता. गाचाचा न्यायसभांमध्ये (गाचाचा म्हणजे गवत) अख्खं गाव उघड्यावर बसायचं. कबुली देणाऱ्याची शिक्षा कमी व्हायची, प्रेतं कुठे टाकली ते सांगावं लागायचं. २०१२पर्यंत अशी १२ लाखांहून जास्त प्रकरणं चालली.

दोष होतेच. आरोपींना वकील नव्हते, साक्षीदारांवर दबाव यायचा. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे, की वंशसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या आरपीएफच्या (तुत्सींच्या नेतृत्वाखालच्या बंडखोर संघटनेच्या) सैनिकांनी केलेल्या हत्या या सभांपुढे आल्याच नाहीत. त्यांच्या हातून ज्यांची माणसं गेली, त्यांनी बोलायचं कुठे?