मदत हवी आहे : जुन्या ट्रकचा आरपीएम काटा आणि चावीचं वायरिंग

नमस्कार मंडळी. वडिलांचा जुना डिझेल ट्रक, २४ व्होल्टचा, पुण्याच्या मार्केट यार्डला कांदा आणतो. कात्रजचा घाट चढताना आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा थरथरतो आणि धाडकन शून्यावर पडतो. त्याच क्षणी चार्जिंगचा दिवाही मिणमिणतो. चावी जरा हलवली की काटा परत उठतो.

मल्टीमीटर लावला. गाडी चालू असताना बॅटरीवर २७.८ व्होल्ट, पण चावीच्या स्विचमधून बाहेर येणाऱ्या वायरीवर जेमतेम २४! अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून आरपीएम मीटरला फेऱ्यांचा सिग्नल नेणारी वायर उष्णतेनं तडकली होती, ती बदलली, फरक नाही.

वायरमन म्हणतो मीटर बदला. मला स्विचचाच दाट संशय आहे. फ्यूज टाकून मीटरला बॅटरीवरून थेट सप्लाय देऊन बघू का? नाना पेठेत स्विच घेताना काय तपासू? वडील रात्री एकटेच घाट उतरतात, म्हणून जीव टांगणीला लागलाय.