हिंजवडीची नोकरी, शाळकरी मुलगी आणि गुडघेदुखीची आई : पुण्यात भाड्याचे घर कोणत्या भागात पाहावे?

नंदगडकर

नमस्कार. माझे मूळ गाव खानापूर तालुक्यातील नंदगड असून गेली बारा वर्षे आम्ही बेळगावात अनगोळला भाड्याने राहतो. येत्या जूनपासून मला हिंजवडीच्या फेज ३ मधील एका कंपनीत रुजू व्हायचे आहे आणि आठवड्यातून चार दिवस प्रत्यक्ष कार्यालयात जावे लागणार आहे. सोबत पत्नी, मराठी माध्यमात शिकणारी आणि जूनमध्ये आठवीत जाणारी मुलगी, आणि ७१ वर्षांची आई असेल. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर ती काठी घेऊन चालते, पण जिना मात्र तिला चढवत नाही. भाड्यासाठी महिना २२,००० रुपये आणि अनामत म्हणून १ लाखापर्यंत रक्कम मी बाजूला काढली आहे.

माझा मावसभाऊ धायरीला राहतो. त्याच्याच इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट १७,००० रुपयांना रिकामा आहे आणि आपली माणसे जवळ असली की आईला करमेल, असे त्याचे म्हणणे आहे. कंपनीतील सहकारी वाकडशिवाय दुसरे नाव घेत नाहीत. पत्नीचा कल कोथरूड-कर्वेनगरकडे आहे, कारण मुलीची मराठी शाळा सुटू नये अशी तिची इच्छा आहे आणि ती मलाही मान्य आहे.

बेळगावात घर शोधताना मी कधी गोंधळलो नाही. कोणत्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येते आणि पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी कोणाच्या शिवारात शिरते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुण्याबद्दल मला यातले काहीही ठाऊक नाही, आणि दलालाला विचारावे तर तो सगळीकडे चोवीस तास पाणी असल्याचे सांगतो. बेळगाव-खानापूर-निपाणी भागातून पुण्यात जाऊन राहिलेल्यांनी आपला अनुभव सांगावा, ही विनंती.

हिंडलगेकर

२०१६ साली मी पुण्यात आलो तेव्हा नेमक्या आपल्यासारख्याच विचाराने आत्याच्या शेजारी नऱ्ह्याला घर घेतले आणि अकरा महिन्यांचा करार संपताच ते सोडले. नऱ्हे काय, धायरी काय, तेथून हिंजवडीचे शेवटचे टोक पंचवीस किलोमीटरच्या पुढे-मागे पडते आणि तो सगळा प्रवास मुंबई-बंगळूर महामार्गाच्या बाह्यवळणावरून, अवजड ट्रकांच्या सोबतीने करावा लागतो. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात होतात, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतच असाल. त्या पुलाजवळून मी रोज दुचाकीने जात होतो. सकाळी पावणेआठला घर सोडायचे आणि रात्री साडेआठ-नऊला परतायचे. ज्या आत्यासाठी मी नऱ्हे निवडले, तिच्या घरी त्या वर्षभरात दिवाळीचे दोन दिवस सोडले तर निवांत बसल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे धायरीच्या फ्लॅटचे जे पाच हजार रुपये वाचताना दिसतात, ते पेट्रोल आणि रोजचे दोन-अडीच तास यांच्याशी ताडून पाहावेत.

सहकारी वाकड का म्हणतात, ते उघड आहे. तेथून कार्यालय जवळ आहे आणि रस्त्याचा एकच टप्पा पार करायचा असतो. परंतु दोन बेडरूमचे बरे घर वाकडमध्ये आपल्या रकमेत बसणार नाही. त्याऐवजी थेरगाव, रहाटणी, काळेवाडी या भागांतील जरा जुन्या इमारती पाहाव्यात. मी गेली सात वर्षे थेरगावात राहतो. डांगे चौकात भाजी, दवाखाने, औषधांची दुकाने असे सर्व काही चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि वस्ती जुन्या गावाची असल्यामुळे शेजारीपाजारी मराठीच बोलतात.

एक गोष्ट मात्र कृपया करा. घर पाहायला रविवारी येऊ नका. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊ वाजता भूमकर चौकात उभे राहा आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला हिंजवडीच्या शिवाजी चौकातून उलट या. रविवारी पंधरा मिनिटांत संपणारा रस्ता त्या वेळी किती वेळ घेतो, हे स्वतः पाहिल्याशिवाय कोणाच्याही, अगदी माझ्याही शब्दावर विसंबून अनामत देऊ नये.

माण आणि मारुंजी ही गावे कार्यालयाला सर्वांत जवळ आहेत आणि तेथे नव्या इमारतीही भरपूर आहेत, पण तेथे ग्रामपंचायतीची हद्द लागते आणि पाण्याची भिस्त बव्हंशी टँकरवर असते. आई घरात असताना तो पर्याय मी सुचवणार नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतही, म्हणजे वाकड-थेरगावला, नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येते. बेळगावकरांना त्याचे नवल वाटणार नाही. फक्त इमारतीची जमिनीखालची टाकी दोन दिवस पुरेल इतकी आहे का, ते विचारून घ्यावे.

शहापूरची लेक

दादा, वरचे सगळे बरोबर आहे, पण त्यात फक्त तुमच्या नोकरीचा विचार झाला आहे. तुम्ही आठवड्यातले चार दिवस घराबाहेर असाल. वहिनी, आई आणि मुलगी सातही दिवस त्या भागात काढणार आहेत. मी स्वतः सासूबाईंसह वारज्याला राहते, त्यांनाही जिना चढवत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

घर दाखवायला आलेला माणूस लिफ्ट दाखवतो, पण वीज गेल्यावर ती चालते का, हे सांगत नाही. लिफ्टला जनरेटर आहे का, हे वॉचमनला विचारा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फाटकापासून किराणा दुकान, दवाखाना आणि बसथांबा येथपर्यंत एकदा आईच्या चालीने चालून पाहा. आमच्या पहिल्या इमारतीत लिफ्ट होती, जनरेटर होता, बाग होती. परंतु फाटकाबाहेर पाऊल टाकले की पदपथच नव्हता आणि बाह्यवळणाच्या सेवारस्त्यावरून गाड्या अंगावर येत. शहापुरात रोज संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसणाऱ्या माझ्या सासूबाई त्या घरात आठ महिने गॅलरीत बसून होत्या. आताची इमारत जुनी आहे, रंग उडाला आहे, पण दारातून निघून दोनशे पावलांवर मारुतीचे देऊळ आहे आणि त्या एकट्या जाऊन येतात.

पाण्याविषयी दलाल काय म्हणतो ते ऐकू नका. न्हाणीघरात जाऊन शॉवरची चाळणी पाहा. तिच्या छिद्रांवर पांढरे खडे धरले असतील, नळाच्या तोंडाशी खवल्यांसारखा थर असेल, तर त्या इमारतीत वर्षभर बोअरचे किंवा टँकरचे क्षाराचे पाणी चालते असे समजा. बेळगावात विहिरीच्या पाण्याने आमटीची डाळ सहज शिजत असे. येथे पहिल्या घरात कुकरच्या सहा शिट्ट्या होऊनही ती टचटचीत राहायची. दुसरी खूण म्हणजे सोसायटीच्या फलकावर लावलेला मासिक खर्चाचा हिशेब. त्यात टँकरची ओळ आहे का आणि एप्रिल-मे महिन्यांत ती किती फुगते, ते वाचून घ्या.

मुलीच्या शाळेसाठी कर्वेनगर-कोथरूडकडे वहिनींचा कल आहे, तो मला योग्य वाटतो. वाकड-बाणेर पट्ट्यात नव्या इंग्रजी शाळा पुष्कळ दिसतात, मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा शोधावी लागते. कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचा परिसर आहे आणि कोथरूड परिसरात मराठी माध्यमाच्या जुन्या शाळा आहेत. आपल्याकडून येणाऱ्या मुलांचा कन्नड विषय येथे सुटतो आणि हिंदी येते. आठवीत ते जमून जाते, नववीच्या मध्यावर फार जड जाते, म्हणून हेच वर्ष बरे. टी.सी. घेताना त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरीही करून आणा. दुसऱ्या राज्यातला दाखला म्हटल्यावर शाळा ती मागतात आणि त्या एका सहीसाठी आम्हाला पुन्हा बेळगाव गाठावे लागले होते.

वारजे-कर्वेनगरहून फेज ३ साधारण वीस किलोमीटर पडते, हे खरे आहे. मात्र चांदणी चौकातून पुढे महामार्ग न धरता सूस-नांदे-माण या रस्त्याने मागच्या बाजूने फेज ३ गाठता येते. माझे यजमान तसेच जातात. रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे आणि पावसाळ्यात सांभाळून जावे लागते.

खर्चाचे एक राहिले. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे आपल्याकडे २०२३ पासून २०० युनिटपर्यंत विजेचे बिल येत नाही आणि शक्ती योजनेमुळे बायकांना राज्यात साध्या सरकारी बसचे भाडे पडत नाही. पुण्यात गेल्यावर हे दोन्ही खर्च सुरू होतात, त्यामुळे भाड्याचा आकडा ठरवताना २२,००० पूर्ण वापरू नका.

निपाणीकर

मी फक्त कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण त्यात मी फसलो होतो.

आपल्याकडे 'लीजवर घर' म्हटले की तीन-चार लाख एकरकमी द्यायचे, तीन वर्षे बिनभाड्याने राहायचे आणि निघताना सगळी रक्कम परत घ्यायची, असा अर्थ होतो. पुण्यात दलालाच्या तोंडी 'लीज' किंवा 'ॲग्रीमेंट' आले की ते बहुधा लिव्ह अँड लायसन्स कराराविषयी असते, म्हणजे अनामत वेगळी आणि भाडे वेगळे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसेल तर वाद उद्भवल्यावर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे मानले जाते. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा घेऊन ही नोंदणी घरबसल्या होते. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे आणि मुद्रांक शुल्क फारसे नसते. त्यामुळे 'शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ' असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा. मी नकार दिला नाही. घर सोडताना रंगकाम आणि 'सफाई' या नावाखाली घरमालकांनी माझ्या ६०,००० अनामतीतून २३,००० कापून घेतले आणि माझ्या हातात दाखवायला कागद नव्हता. रंगकामाचे पैसे कोण देणार, किती आधी सूचना द्यायची आणि अनामत किती दिवसांत परत मिळणार, या तिन्ही गोष्टी करारात अक्षरी लिहून घ्या. राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे आणि ओट्याचे छायाचित्र काढून घरमालकांना त्याच दिवशी पाठवून ठेवा.

आपली दुचाकी केए २२, म्हणजे बेळगावच्या नोंदणीची असेल, तर बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ महाराष्ट्रात वापरायची झाल्यास येथे फेरनोंदणी करावी लागते. बेळगाव सोडण्यापूर्वीच तेथील आरटीओ कार्यालयातून ना-हरकत प्रमाणपत्र घ्या, मग खेटे वाचतात.

येळ्ळूरवासी

धायरीच्या घराला एकदम नाही म्हणण्याआधी एक बाजू मांडतो. नोकरी बदलत राहते, माणसे राहतात. आईसाठी भाचा जवळ असणे ही लहान गोष्ट नाही. परंतु सिंहगड रस्त्याकडे घर घ्यायचेच असेल, तर दोन प्रसंग लक्षात ठेवा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडले तेव्हा एकतानगरीतील इमारतींचे तळमजले बुडाले. नंतर जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाच वेळी आढळले आणि तपासाचा रोख दूषित पाण्याकडे वळला. धायरी २०१७ साली आणि नांदेड, किरकटवाडी २०२१ साली महापालिकेत आली. हद्द बदलली तरी जलवाहिन्या आणि शुद्धीकरण लगेच येत नाही. म्हणून पाणी किती वेळ येते याच्या जोडीला ते कोठून येते, हेही मावसभावाला विचारा.

नंदगडकर

सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री जेवताना हे सगळे घरात वाचून दाखवले. मावसभावाला फोन केला तेव्हा त्याने स्वतःहून सांगितले की पिण्यासाठी ते गेले वर्षभर विकतचे जार घेतात. ही गोष्ट आधी त्याच्या बोलण्यात आली नव्हती, कारण त्याला ती आता अंगवळणी पडली आहे. धायरीचे घर आम्ही घेत नाही.

पुढच्या सोमवारी रात्रीच्या गाडीने पत्नीसह निघून मंगळवारी पहाटे वारजे पुलाखाली उतरणार आहे. दिवसा कर्वेनगर आणि वारज्यातील तीन घरे पाहू, शाळेत भेटू आणि संध्याकाळी साडेसहाला मी एकटा शिवाजी चौकातून थेरगावपर्यंत जाऊन पाहीन. बुधवारी सकाळी नऊला चांदणी चौकातून सूस-नांदे रस्त्याने फेज ३ पर्यंत जाईन. तो रस्ता पन्नास मिनिटांच्या आत झाला, तर वारजे. नाही झाला, तर थेरगाव आणि मुलीसाठी तेथील मराठी शाळा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. एकच शंका आहे. आई म्हणते, तळमजलाच घ्या, लिफ्टची भानगड नको. तळमजला घ्यावा का?

शहापूरची लेक

नदी किंवा ओढा जवळ नसेल तर अवश्य घ्या, पण आधी इमारतीच्या आवाराच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का ते पाहा, आणि टँकरचा पाइप कोणाच्या खिडकीखालून टाकीत जातो तेही विचारा. आमच्याकडे तो तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीखालून जातो आणि पहाटे साडेपाचला मोटर सुरू होते.