फेराइटची जाळी टांगली की झाली 'स्मृती'?

धूळपाटी: कालच्या पोस्टीत ठणकावून सांगितलंय की तांब्याच्या तारांत फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकी सिरॅमिकच्या) कड्या ओवून टांगल्या की स्मृती आणि काळ यांवरचं अमूर्त शिल्प तयार. अहो, तो पडदा झाला! कोअर मेमरीत, म्हणजे जुन्या संगणकांच्या एका कडीत एक बिट ठेवणाऱ्या स्मृतीत, कडी वाचली की ती शून्यावर येते, लगेच परत लिहावी लागते. आठवताना पुसली जाणारी स्मृती, हा खरा ऐवज. जाळीत तो कुठाय? त्यापेक्षा डिले लाइन करा, म्हणजे लहरींच्या रूपात फिरत राहणारी स्मृती. १९४९च्या एडसॅक या ब्रिटिश संगणकात पाऱ्याच्या नळीतून ध्वनीचे ठोके जायचे, टोकाला पकडून पुन्हा सुरुवातीला सोडायचे. फिरणं थांबलं की सगळं गेलं.

चुंबक्या: पारा? बंद दालनात? वाफेचं काय? शिवाय तापमान हललं की पाऱ्यातला ध्वनीचा वेग बदलतो, ठोके घड्याळाशी जुळत नाहीत.

धूळपाटी: पारा आणा असं मी कुठे लिहिलंय? वाचा तरी नीट. निकेल मिश्रधातूची तार घ्या. पिळाची लहर सेकंदाला साधारण ३ किलोमीटर जाते, म्हणजे १५ मीटरच्या वेटोळ्यात ५ मिलिसेकंद. आधार मऊ रबराचे, टोकांना लहर शोषणारे डॅम्पर. नाहीतर लहर उलटून येते आणि पुढच्या ठोक्यात मिसळते.

गाठमारे: ५ मिलिसेकंद बघणाऱ्याला दिसणार कसे? तुमचंही शोभेचं वेटोळंच की!

चुंबक्या: कड्यांचंच बोलू. पॉवर सप्लायमधल्या कड्या ओवणाऱ्यांनी कोअर मेमरीचं नावही घेऊ नये. प्रवाह काढला की त्यांत चुंबकत्व जेमतेम उरतं. हिस्टेरेसिसचा (प्रवाहामागून चुंबकत्व कसं बदलतं त्याचा) आलेख चौकोनी लागतो, तरच अर्ध्या प्रवाहाला कडी ढिम्म राहते आणि आडवी-उभी तार मिळून पूर्ण प्रवाह झाला की उलटते.

गाठमारे: आणि सेन्स वायर, कडी उलटल्याचा ठोका वाचणारी तार? ती निम्म्या कड्यांतून उलट दिशेने ओवायची, म्हणजे अर्धवट निवडलेल्या कड्यांचा गोंगाट एकमेकांत कटतो. सगळीकडे सरळ ओवली तर गोंगाटात बिट हरवतो. वर कडीच्या धारेने तारेवरचं इनॅमलचं विद्युतरोधक लेपण खरवडलं की शॉर्ट, आणि शोधायला अख्खी जाळी उसवा.

धूळपाटी: चर्चेचा धागा शिल्पाचा आहे, दुरुस्तीचा नाही! दिसायलाच हवं ना? मग लांब, ढिली स्प्रिंग आडवी टांगा, लहर डोळ्यांदेखत सरकेल. टोकाला सेन्सर, सुरुवातीला ठोका देणारं सोलेनॉइड (विजेवर दांडा ढकलणारी गुंडाळी). मात्र आलेली लहर नुसती फुगवू नका, गोंगाटही फुगतो. ती ओळखून घड्याळाच्या ठेक्यावर नवा ठोका पाडा.

चुंबक्या: वा, इतक्या वेळाने एक कामाचं वाक्य आलं! नवा ठोका मान्य. पण सोलेनॉइड स्प्रिंगच्याच चौकटीवर बसवलात तर त्याचा हादरा चौकटीतून थेट सेन्सरला पोचेल, लहर निघायच्या आत 'आली' म्हणून नोंद. चौकटी वेगळ्या ठेवा, मग काळावर बोला.