सोनोमाची ऑक्टोबर राइड: 62 मैल की 100?

प्रेषक: मिलपिटासकर

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियातल्या सोनोमा या द्राक्षमळ्यांच्या भागात, ऑक्टोबरच्या मधल्या शनिवारी हील्ड्सबर्गहून निघणाऱ्या सायकल राइडला मंडळातले नऊ जण जातोय. अंतरं तीन: 35, 62 आणि 100 मैल. सुरुवात सकाळी सात ते आठच्या दरम्यान. अंतर बदलून घ्यायची मुदत येत्या रविवारी संपते, म्हणून आत्ताच विचारतो. बहुतेकांचा आजवरचा मोठ्यात मोठा पल्ला 40 मैल, तोही अलमेडा क्रीक ट्रेलवरचा. तरी दोघं 100 वर अडून बसलेत. राइड नवरात्रात येतेय, तिघांचे उपास आहेत. एक ई-बाइकही आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं. "सोपं आहे, या" एवढंच लिहू नये ही विनंती.

मिलपिटासकर


प्रेषक: फ्रीमाँटकर

मिलपिटासकर,

62. त्या दोघांना उपदेश करू नका, हिशेब मांडून दाखवा.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेसहाला मावळतो. ट्रेलवर ताशी 15 मैलांनी जाणाऱ्याची सोनोमातली सरासरी साडेबारा धरा. म्हणजे 100 मैलांना आठ तास नुसतं पेडल मारणं. वाटेत पाच थांबे, प्रत्येकी 12 मिनिटं, हा आणखी एक तास. साडेसातला निघालेला साडेचारला परत. कागदावर जमतं. पण एक पंक्चर आणि टॉयलेटची एक लांब रांग झाली की शेवटच्या थांब्याची वेळ हुकते आणि सॅगची (मागे राहिलेल्यांसाठीची) व्हॅन तुम्हाला सायकलसकट उचलते. 62 ला हाच हिशेब पाच तास आणि तीन थांबे असा होतो. एक वाजता जेवायला.

वेळ जातो तो रस्त्यावर नाही, थांब्यांवर. नऊ जणांत एकाचं आवरतं तेव्हा दुसऱ्याला टॉयलेट आठवतं. क्रम ठरवून टाका: सायकल टेकवली की आधी बाटल्या भरायच्या, मग रांगेत उभं राहायचं, खाणं रांगेतच. 12 मिनिटांनी जो तयार त्याने निघायचं, बाकीचे पुढच्या थांब्यावर भेटतील.

अलमेडा क्रीक ट्रेलवर कितीही मैल घातले तरी या राइडची तयारी होत नाही, कारण तो सपाट आहे. राइडच्या वाटेवरच्या वेस्ट ड्राय क्रीक रोडला मोठा घाट नाही, पण रस्ता सारखा वर-खाली होतो. तिथे पाय नाही, गिअर दमवतात. चढ पायाशी यायच्या आधी गिअर हलका करायचा. अर्ध्या चढावर पूर्ण जोर देत असताना पुढचा गिअर बदलला की चेन उतरते, आणि मागचा माणूस तुमच्यावर येतो. आपल्याकडच्या पालोमारेस रोडचा चढ आठवड्यातून एकदा करा, शनिवारी लांब पल्ला. राइडच्या आधी 45 मैल निदान दोनदा झालेले हवेत, शेवटच्या आठवड्यात फक्त पाय मोकळे करण्यापुरतं. पुढे लहान चकती 34 आणि मागे मोठी 32 किंवा 34 दात असेल तर राइडमधल्या चॉक हिल रोडच्या चढांवर कुणाला उतरावं लागणार नाही.

आता रस्त्याबद्दल. नाशिककडे ऑक्टोबर म्हणजे द्राक्षांची गोडी छाटणी. इथे उलटं, ऑक्टोबर म्हणजे तोडणीचा शेवट. रशियन रिव्हरकडचं पिनो न्वार जातीचं द्राक्ष तोपर्यंत बहुतेक उतरलेलं असतं, ड्राय क्रीकचं झिनफँडेलही. शेवटी राहतं ते अलेक्झांडर व्हॅलीतलं कॅबर्ने. तोडणी रात्री दिव्यांच्या उजेडात सुरू होते, कारण द्राक्ष थंड असताना वाइनरीत पोचवायचं असतं. अर्धा-अर्धा टन माल मावणारे प्लॅस्टिकचे चौकोनी बिन लादून ट्रक सकाळी निघतात, म्हणजे नेमके तुमच्या पहिल्या तीन तासांत. त्यामुळे गायसर्व्हिलनंतर हायवे 128 वर दोन गोष्टी बघायच्या. एक, ओळीच्या टोकातून रस्त्यावर येणारा ट्रॅक्टर. ड्रायव्हरचं लक्ष मागच्या बिनांवर असतं, तुमच्यावर नसतं. दुसरी, वाइनरीच्या फाटकासमोरचा काळपट ओला पट्टा. तो पाण्याचा वाटतो, पण सांडलेला रस आणि धूळ यांचा चिकट राडा असतो. तिथे ब्रेक लावायचा नाही आणि वळायचंही नाही. वेग आधी कमी करून सरळ जायचं.

वेस्ट ड्राय क्रीक अरुंद आहे, शोल्डर (कडेची मोकळी पट्टी) जवळपास नाहीच. झाडांची सावली आणि उन्हाचे कवडसे यांत खड्डे लपतात. काळा चष्मा तिथे काढा किंवा फिकट काचेचा घाला. एकामागे एक चालवा. मागून गाडी आली की शेवटच्याने ओरडून सांगायचं आणि ते पुढपर्यंत पोचवायचं. हील्ड्सबर्गात रूळ आडवे येतात, ते काटकोनातच ओलांडा.

कपड्यांत लोक हमखास चुकतात. सकाळी नदीकाठी धुकं, 45-48 फॅरनहाइट. दुपारी एकला 80 च्या वर. जाड जॅकेट घातलं तर नवानंतर ते ठेवायला जागा नसते. नेहमीची जर्सी, वर काढता येणाऱ्या बाह्या, बिनबाह्यांचं पातळ विंड जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे. हे सगळं जर्सीच्या मागच्या एका खिशात मावलं पाहिजे, घरी मावून बघा. निघताना थोडी थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत. सातला निघणार असाल तर पुढे-मागे दिवा हवाच.

फ्रीमाँटकर

ता.क. वेलींची पानं पिवळी दिसली तर निरोगी. लालभडक पानांचे फोटो सगळे काढतात, पण तो बऱ्याचदा लीफरोल विषाणूचा परिणाम असतो.


प्रेषक: डब्लिनकर

फ्रीमाँटकरांनी टायर सोडले, ते मी घेतो.

तिकडच्या पंक्चरचं एक मोठं कारण आपल्या ओळखीचं आहे: सराटा. होय, शेतात अनवाणी पायात रुतायचा तोच, इथे त्याला गोटहेड म्हणतात. रस्त्याच्या कडेच्या कोरड्या मातीत वेल पसरते, फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येकाला दोन मोठे काटे. म्हणून थांबताना सायकल मातीत ढकलत न्यायची नाही. डांबरावर थांबा किंवा उचलून न्या.

पंक्चर झालं की बहुतेक जण ट्यूब बदलतात आणि दोन मैलांवर पुन्हा बसतात. काट्याचं टोक मोडून रबरात आत राहिलेलं असतं. बाहेरून दिसत नाही, बोटाला लागेलच असं नाही. टायर उलटा करून आतून कापडाचा तुकडा किंवा हातमोजा पूर्ण गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. सेफ्टी पिनने बाहेरच्या अंगाला ढकला. मगच नवी ट्यूब. ट्यूबलेसवाल्यांनी काटा उपसून भोक खाली येईल असं चाक फिरवून धरायचं, सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) आपलं काम करतं. मात्र ते आत ओलं हवं. पाच-सहा महिन्यांपूर्वी भरलेलं असेल तर वाळलं असणार. 28-32 मिमी टायरला 30 ते 40 मिली ताजं भरा, आणि हे काम राइडच्या आदल्या रात्री करू नका.

हवा: माणूस 75 किलोच्या आसपास असेल आणि आत ट्यूब असेल तर 28 मिमीला पुढे 70, मागे 75 पीएसआय. 32 मिमीला 55 आणि 60. रिम हुकलेस (टायर धरणारी आतली कड नसलेली) असेल तर 72.5 च्या वर कधीही जायचं नाही, टायरवर काहीही छापलेलं असो. तिथले रस्ते खडबडीत आहेत, 100 पीएसआय भरून वेग वाढत नाही, मनगटं तेवढी दुखतात.

प्रत्येकाकडे: ट्यूब दोन (खोल रिम असेल तर लांब व्हॉल्व्हच्या), लिव्हर दोन, छोटा पंप, मल्टिटूल, आपल्या चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). 11 स्पीडचा 12 ला चालत नाही, म्हणून "ग्रुपमध्ये कुणाकडे तरी असेल" हे धोरण बाद. हवा भरायला 16 ग्रॅमचं सीओटू काडतूस चालेल, पण ती हवा ट्यूबमधून लवकर झिरपते, दुसऱ्या दिवशी चाक बसलेलं दिसलं तर पुन्हा पंक्चर शोधत बसू नका. टायरची बाजू फाटली तर आतून एनर्जी जेलचं रिकामं पाकीट किंवा एक डॉलरची नोट घडी करून लावा. घरी पोचवते.

आणि कृपा करून आठवड्याभरात नवी सीट, नवे बूट असलं काही करू नका.


प्रेषक: सनीवेलच्या वहिनी

उपासाबद्दल लिहिते, कारण पुरुषमंडळी "होईल काहीतरी" म्हणतात आणि 40 व्या मैलाला चक्कर येते.

पाच तासांच्या राइडला ताशी 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात, पहिल्या अर्ध्या तासापासून. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. मोठ्या मेजुल खजुरात साधारण 18 ग्रॅम, मध्यम केळ्यात 27. म्हणजे तासाला एक केळं आणि एक-दोन खजूर. दोन्ही उपासाला चालतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, सायकलसाठी उत्तम. अडचण दाण्याच्या कुटाची आणि तुपाची, ती पोटात रेंगाळतात. पहाटे खिचडी करणार असाल तर कूट निम्मं, आणि निघण्याआधी अडीच-तीन तास. वडे दुपारी परत आल्यावर. रताळ्याच्या उकडलेल्या फोडींना सैंधव लावून फॉइलमध्ये बांधा, खिशात टिकतात. राजगिऱ्याचा लाडू चालवताना खाऊ नका, भुगा घशात जातो. चिक्कीसुद्धा थांब्यावरच, चावताना श्वास घेता येत नाही.

पाणी: 750 मिलीच्या बाटलीत तीन टेबलस्पून साखर, पाव टीस्पून मीठ, चवीला लिंबू. उपास असेल तर सैंधव. कोकमाचं आगळ घालणार असाल तर मीठ वगळा, आगळात आधीच असतं. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पहिले दोन तास पीतच नाहीत. धुकं असो, तासाला अर्धी बाटली तरी संपलीच पाहिजे, ऊन चढलं की पाऊण ते पूर्ण. निर्जळी उपास करणाऱ्यांनी राइडला येऊ नये, हे स्पष्टच सांगते.

थांब्यांवर पीनट बटर-जॅमचं सँडविच, केळी, मीठ लावलेले उकडलेले बटाटे बहुधा मिळतात. चावायच्या गोळ्यांत जिलेटिन (प्राण्यांपासूनचं) असू शकतं, शाकाहारी मंडळींनी पाकिटावर पेक्टिन लिहिलंय का बघावं. कापलेल्या फळांवर या दिवसांत गांधीलमाश्या घोंघावतात. उघडा कॅन तोंडाला लावण्याआधी आत बघा, जर्सीची चेन गळ्यापर्यंत लावा. कुणाला दंशाची अ‍ॅलर्जी असेल तर एपिपेन (अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) गाडीत नको, खिशात हवं.


प्रेषक: सॅन रमोनकर

मंडळी, सगळं वाचलं. पण द्राक्षांच्या गावाला जाऊन वाटेत एखादा घोट घ्यायचाच नाही का?


प्रेषक: फ्रीमाँटकर

नाही.

कॅलिफोर्नियात दारूच्या अमलाखाली सायकल चालवणं हा गुन्हा आहे, वाहन कायद्याचं कलम 21200.5, दंड 250 डॉलरपर्यंत. पण दंडापेक्षा मोठी भानगड वेगळी. टेस्टिंगचा एक घोट एक-दोन औंसांचा, पाच वाइन चाखल्या की एक ते दोन ग्लास झाले, तेही निम्मं पाणी घामातून गेलेल्या अंगात. त्यानंतर वेस्टसाइड रोडचे उतार आणि समोरून ट्रक.

राइडनंतर करा. नऊ जणांचा गट बहुतेक वाइनऱ्या आयत्या वेळी घेत नाहीत, तेव्हा दुपारी तीनचं आधी बुक करा आणि तोपर्यंत जेवा. घरी गाडी चालवणारे दोघं आधीच ठरवा, ते फक्त वास घेतील. बाटल्या उन्हातल्या गाडीत ठेवू नका: वाइन फुगते, बूच वर सरकतं आणि बाटली उघडल्यावर शिजलेल्या मुरंब्याचा वास येतो. बर्फाची पेटी जाताना पाण्यासाठी, येताना बाटल्यांसाठी.


प्रेषक: डब्लिनकर

दोन गोष्टी राहिल्या.

धूर. ऑक्टोबर हा तिथे आगींचाही महिना आहे. टब्सची आग 8 ऑक्टोबर 2017 च्या रात्रीची, किनकेडची 23 ऑक्टोबर 2019 ला गायसर्व्हिलजवळच लागली. आदल्या रात्री आणि पहाटे पाचला एअरनाउ या संकेतस्थळावर हवेचा निर्देशांक बघा. 150 च्या वर असेल तर आयोजकांनी राइड चालू ठेवली तरी आपण जायचं नाही. 100 च्या वर असेल तर दम्याच्या माणसांनी घरी बसावं. पैसे परत मिळतात की पुढच्या वर्षी वळवतात, ते नोंदणीच्या अटींत आत्ताच वाचा.

ई-बाइक. आयोजकांना कोणता क्लास चालतो ते विचारा. क्लास 1 ची मदत ताशी 20 मैलांना थांबते, क्लास 3 ची 28 ला. बॅटरी 400 वॉट-अवर असेल तर 62 मैल फक्त ईकोवर (मोटरची कमी मदत) निघतात. टर्बोवर (पूर्ण मदत) चॉक हिलच्या आधीच संपेल आणि 50 पौंडांची सायकल पायाने ओढावी लागेल. गाडीच्या रॅकची क्षमता दर सायकलमागे किती पौंड ते बघा, बॅटरी काढून गाडीत ठेवा.


प्रेषक: मिलपिटासकर

आभार. सहा जण 62, दोघे 35. शंभरवाल्यांपैकी एक हिशेब वाचून 62 वर आला, दुसरा अजून गणित तपासतोय. दुपारी तीनचं बुकिंग करतो. निघायचं किती वाजता?


प्रेषक: फ्रीमाँटकर

साडेचार, घरातून. 880, मग 580 ने रिचमंडचा पूल, पुढे 101 उत्तर. पहाटे पावणेदोन तास, वर पार्किंग, मनगटाचा पट्टा आणि नंबर घ्यायला पाऊण तास. पुलाचा टोल जाताना लागतो. मागच्या रॅकने नंबर प्लेट झाकली जाते, तेव्हा फास्ट्रॅकचा (टोलचा) टॅग काचेवर लावलेला असू दे. (फास्टॅग नव्हे, तो मुंबई-पुण्याला.) मार्गाचा नकाशा फोनवर घरूनच उतरवून घ्या, वेस्ट ड्राय क्रीकवर सिग्नल जातो-येतो. त्या गणित तपासणाऱ्याला पुढे-मागे दोन्ही दिवे आणायला सांगा.