खाणवस्ती वसवायचा खेळ कोणी खेळलंय का? अनुभव सांगा

मधुमालती
काल वर्षाचे गहू भरले. कोठीत कडुनिंबाचा पाला घालता घालता लॉकडाऊनमधला आमचा खेळ आठवला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून धागा काढतेय.

आम्ही सगळी आते-मामे-चुलत भावंडं शनिवारी रात्री जेवणं उरकली की व्हिडिओ कॉलवर रोल प्ले खेळायचो, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि सूत्रधार प्रसंग सांगणार. विषय क्लोंडाइक. कॅनडाचा पार वायव्येचा कोपरा, युकॉन नदी. १८९६ च्या ऑगस्टमधे तिथल्या एका ओढ्यात सोनं सापडलं, पुढच्या उन्हाळ्यात ते सोनं घेऊन बोटी सिएटल आणि सॅन फ्रान्सिस्कोला लागल्या आणि लाखभर माणसं घरदार सोडून निघाली. पोचली त्यातली तीस-चाळीस हजार. आमचा सूत्रधार आतेभाऊ. त्याने पहिल्याच रात्री सांगितलं, सोनं राहू दे, आधी सामानाची यादी करा. कारण वाटेतल्या खिंडीच्या माथ्यावर कॅनडाचे पोलिस बसलेले असायचे, वर्षभराचा शिधा सोबत नसला तर पुढे सोडायचे नाहीत. माणशी जवळजवळ ५२० किलो खाणं, वर तंबू, कुऱ्हाड, फावडी, खिळे धरून टनभर ओझं. नुसतं पीठच १८० किलो! आणि हे सगळं चिलकूट खिंडीतून पाठीवर वाहायचं. बर्फात खोदलेल्या दीड हजार पायऱ्या, एक बोचकं वर ठेवायचं, खाली यायचं, दुसरं उचलायचं. लोकांनी तीस-तीस चाळीस-चाळीस खेपा केल्यात.

यादीवरून काय भांडलोय आम्ही! धाकट्याला बंदुकीच्या गोळ्या जास्त हव्या होत्या, वहिनी म्हणाली घेवडा आणि सुकवलेली सफरचंदं घ्या, हिवाळ्यात हिरड्या सुजून दात पडायला लागले की गोळ्या चावणार का. स्कर्व्हीने, म्हणजे ताजं खाणं न मिळाल्याने होणाऱ्या त्या रोगाने, खरंच माणसं गेली तिथे.

आणि लाकूड. तिथली जमीन बारा महिने गोठलेली. कुदळ मारली तर ठिणगी उडते. मग काय करायचे, संध्याकाळी खड्ड्यात जाळ पेटवायचा, रात्रभर जळू द्यायचा, सकाळी राख आणि वितळलेली माती उपसून रहाटाने वर ओढायची. फूटभर खाली गेलात तर नशीब. म्हणजे जे लाकूड खाणीत जाळलंत ते झोपडीतल्या शेगडीला नाही. दर डावात हा एकच प्रश्न, ओंडके खाली की घरात? आणि वर काढलेला ढीगही गोठून बसायचा, तो धुऊन सोनं बघायचं ते वसंतात ओढे वाहायला लागल्यावर. अख्खा हिवाळा अंदाजावर काढायचा. माझी आणि भावंडांची इतकी नीट ओळख कुठल्या लग्नकार्यात झाली नाही जितकी त्या लाकडाच्या हिशोबात झाली.

तुम्ही असलं काही खेळलात तर लिहा. क्लोंडाइकच हवं असं नाही.

रानभूल
गहू लोकवन का सिहोर?

मधुमालती
लोकवन. सिहोर यंदा परवडला नाही.

चांद्याचा
ताई तुमचं वाचून बाबांची आठवण आली. माझे बाबा कोळसा खाणीत होते, चंद्रपूरकडे, अंडरग्राउंडला. आम्ही हॉस्टेलवर असाच एक खेळ बनवला होता, दिवाळीत घरी मित्र आले होते तर बाबांच्या समोरच मांडला. बाबा पेपर वाचत होते, थोड्या वेळाने पेपर खाली ठेवून विचारतात, थोपे कुठेत तुमचे? म्हटलं कसले थोपे. म्हणे छत धरायला लाकडं लागतात ना रे बाप्पा, तुम्ही नुसते खाली खाली चालले. मग मित्राने सांगितलं की काका तिथे जमीन बर्फासारखी घट्ट, भोक पाडलं तरी भिंती तशाच उभ्या राहतात, थोपे लागत नाहीत. बाबा म्हणाले बरं, आणि उन्हाळ्यात? सगळे गप. कारण उन्हाळ्यात ते सुटतं आणि खाली बसतं, म्हणून तर खोदकाम मुख्य हिवाळ्यात चालायचं तिकडे.

त्यानंतर बाबाच आमचे सूत्रधार. पाळीवर गेल्यावर छताला काठीने ठोकून आवाज कसा ऐकायचा ते त्यांनी पलंगाच्या फळीवर ठोकून दाखवलं, भरीव वाजलं तर काम करा, पोकळ वाजलं तर मागे सरा, विचार करायला थांबू नका. खेळात ते नुसतं टेबलावर बोट वाजवायचे आणि आम्ही सांगायचं, थांबायचं का पळायचं. माझे दोन मित्र आज मायनिंग इंजिनिअर आहेत. बाबांनी नोकरीतलं घरात कधी काही सांगितलं नव्हतं, त्या चार रात्रींत सांगितलं तेवढंच आमच्याकडे आहे.

रानभूल
@चांद्याचा, सुंदर लिहिलंत. टेबलावर बोट वाजवायचे हे वाचून काटा आला.

पावशेर
+१. काका भारी.

निलमोहर
आमच्या गटात एकाला घोडाच पाहिजे होता. चिलकूट नको, व्हाइट पास या दुसऱ्या खिंडीने जाऊ, तिकडे घोडे चालतात म्हणे. सूत्रधाराने काही न बोलता फासे हातात दिले. त्या वाटेवर खरोखरी तीनेक हजार घोडी मेली, चिखलात आणि दगडांत पाय मोडून, वाटेचं नावच पडलं मेल्या घोड्यांची वाट. आमच्या घोड्याचं नाव राजा होतं. पुढचं लिहीत नाही, अजून वाईट वाटतं. कुकर झाला, नंतर येते.

उत्तरायण
मीच तो आतेभाऊ 😀 ताई, तू गहू भरताना माझी आठवण काढतेस हे आत्याला सांगणारे.

एक राहिलं तुझ्याकडून, ते मी लिहितो, कारण मला त्या खेळात सगळ्यात मोलाचं ते वाटतं. वहिनीने तिसऱ्या-चौथ्या शनिवारी सांगितलं, मला खाणवाली व्हायचं नाही, मला तिथली व्हायचंय. क्लोंडाइक नदी युकॉनला मिळते तिथे मूळनिवासी हान लोकांचा मासेमारीचा तळ होता, ट्रोचेक, उन्हाळ्यात सामन मासे पकडून वाळवायची जागा. वहिनी तिथली म्हातारी झाली. आम्ही सगळे ओंडके मोजतोय आणि ही दर डावाला शांतपणे सांगतेय, आज वरचं जंगल तुटलं, आज मूस (तिकडचं मोठं हरीण) दिसला नाही, आज जाळ्यात इतकेच मासे आले. मग मी नियम बदलले. झाड तोडलं की तिच्या वाटणीचं काहीतरी कमी व्हायचं, आणि ते आम्हाला तिच्या तोंडून ऐकायला लागायचं. कॉलवर आवाज खाली यायचे लोकांचे.

हे खरंच झालं तसंच होतं. चीफ आयझॅक त्यांचा पुढारी, त्याने आपली माणसं तिथून काढून नदीच्या खालच्या अंगाला पाचेक किलोमीटरवर मूसहाइडला नेली. आणि आपली गाणी, नाचाची काठी अलास्कातल्या नातलगांकडे ठेवायला दिली, या गर्दीत हरवतील म्हणून. ती सांभाळली गेली आणि पुढे परत आली. २०२३ ला युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारशात घेतला तो या लोकांच्या इतिहासासकट, त्यांच्या नावानेच, ट्रोंडेक-क्लोंडाइक. मी बातमी वाचून पहिला फोन वहिनीला केला.

आणि ते सोनं सापडलं तेव्हा तिथे जॉर्ज कारमॅक या अमेरिकन माणसाबरोबर त्याचा तिथलाच मेहुणा कीश आणि कीशचा भाचा डॉसन चार्ली होते, पण पहिला दावा लागला कारमॅकच्या नावावर. कोणाला आधी दिसलं यावर आजही वाद आहे. मला कीशचंच खरं वाटतं.

मधुमालती
अरे वहिनीचं मी मुद्दाम ठेवलं होतं, तीच लिहील म्हणून. ती लिहीत नाही ना पण.

डिचोलीकर
मी खेळ नाही खेळलो, पण लिहितो. आमच्याकडे गोव्यात हे खऱ्यात झालं. खनिजाचे ट्रक रात्रंदिवस, रस्ता लाल, झाडं लाल, वाळत घातलेले कपडे लाल, आणि ज्याला त्याला ट्रक घ्यायचा होता कर्ज काढून. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. गॅरेजवाला, चहावाला, टायरवाला, सगळे बसले. तुमच्या त्या गावाचं शेवटी काय झालं? सोनं संपल्यावर? मला ते वाचायचंय.

उत्तरायण
@डिचोलीकर, सोनं संपायच्याही आधी माणसं संपली. या सोन्यापायी वसलेल्या डॉसन शहरात १८९८ च्या उन्हाळ्यात तीसेक हजार लोक होते. त्यातल्या बहुतेकांना समजलं की चांगले ओढे त्यांच्या आधी वर्षभर लोकांनी धरून ठेवलेत. घरं लाकडाची, १८९९ मधे मोठी आग लागली. त्याच वर्षी अलास्कात नोमच्या किनाऱ्यावर वाळूत सोनं असल्याची बातमी आली आणि हजारो माणसं काही आठवड्यांत निघून गेली. नंतर मोठ्या कंपन्यांची गाळ उपसणारी ड्रेजर यंत्रं आली, थोड्या माणसांत काम व्हायला लागलं. डॉसन आजही आहे, हजार-दोन हजार वस्तीचं. आमच्या खेळात शेवटचा डाव हाच होता, थांबणार का नोमला जाणार. ताई थांबली. मी विचारलं का, तर म्हणाली आता कुठे घर गरम झालंय.

डिचोलीकर
आमचे बाबा पण थांबले. ट्रक विकला, काजू लावले.

सटवाई
माझं आवडतं पात्र बेलिंडा मलरूनी. १८९७ ला डॉसनला गेली ती फावडं घेऊन नाही, कापड आणि गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन!! सहापट नफ्यात विकलं सगळं. मग खानावळ, मग दोन ओढ्यांच्या संगमावर हॉटेल, मग डॉसनमधे आणखी मोठं हॉटेल. गाव वसवलं त्या जोसेफ लाड्यूचंही तेच, सगळे ओढ्याकडे पळत होते, त्याने लाकडाची वखार टाकली आणि प्लॉट पाडले. मी आमच्या बचत गटात हीच गोष्ट सांगून खेळ घेतला, बायकांना रोल प्ले वगैरे काही सांगितलं नाही, म्हटलं थंडी उणे ५०, तुमच्याकडे एक पेटी आहे, काय भरून न्याल. एक म्हणाली सुया. एक म्हणाली लोणच्याचा मसाला, तिकडे सगळं अळणीच असणार. एक आजी म्हणाली वाती, वातीशिवाय दिवा कसा लावणार. दोन तास चाललं आणि शेवटी त्यांनी आपापसात उधारीचे नियमपण ठरवले, जी घरात एकटी आहे तिला व्याज नाही.

पावशेर
आजीला टीममधे घ्या आधी.

मंगळकर
आमचं मंगळावर होतं. तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार असतात म्हणून शेती आधी धुवायला लागते, दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा. सगळ्यात मजा म्हणजे पृथ्वीवरून निरोप यायला ३ ते २२ मिनिटं लागतात, तर आमच्यातला एक मित्र पृथ्वी व्हायचा आणि व्हॉट्सॲपवर त्याचं उत्तर वीस मिनिटांनीच यायचं. हवा गळतेय काय करू असं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत सगळं आम्हीच निस्तरलेलं असायचं. मग आला मेसेज, घाबरू नका. 😂 ऑफिसला पोचलो, बाय.

सायसाखर
लिहू का नको करत होते. आमचाही गट होता, त्याच काळात. मावशी आमच्यात होती, पात्र सुईणीचं. दुसऱ्या लाटेत ती हॉस्पिटलात गेली. खेळ बंद करायचा असं सगळ्यांनी ठरवलं आणि मग मामेबहीण म्हणाली मावशीच्या झोपडीत जाळ कोण ठेवणार. म्हणून खेळत राहिलो. दर डावाला कोणीतरी आपल्यातलं एक लाकूड तिच्या नावाने टाकायचं, कोणाची पाळी ते आधी ठरवायचो नाही. तिला फोनवर सांगायचो, आज तुझ्याकडे दोन ओंडके आलेत. ती ऑक्सिजनवर होती, बोलायची नाही, अंगठा दाखवायची. ती गेली. आम्ही नंतर कधी खेळलो नाही पण कागदावरची तिची झोपडी तशीच ठेवलीय.

मधुमालती
सायसाखर 🙏 लिहिलंस ते बरं केलंस.

चांद्याचा
🙏

निलमोहर
आले. सायसाखर, तुला मिठी.

रानभूल
मला कधीपासून विचारायचंय, उणे चाळीस म्हणजे नक्की काय वाटतं? उत्तरायण तुम्ही तिकडेच ना?

उत्तरायण
एडमंटनला. उणे चाळीसला सेल्सिअस फॅरनहाइट एकच, तेवढं गणित सोपं. नाकातला ओलावा आत घेतलेल्या श्वासाने गोठतो, करकर वाटतं. पापण्या चिकटतात. गाडीचं इंजिन रात्रभर विजेच्या हीटरला जोडून ठेवायचं नाहीतर सकाळी सुरूच होत नाही. इथूनही १८९८ मधे लोक निघाले होते क्लोंडाइकला, संपूर्ण कॅनडातून जाणारा रस्ता म्हणून जाहिराती होत्या, प्रत्यक्षात दलदल आणि जंगल, थोडेच पोचले, काहींना दोन वर्षं लागली. मी बर्फ उपसताना त्यांचा विचार करतो.

पावशेर
नियम टाका ना कोणीतरी. आम्ही पुतण्या-भाच्यांना सुट्टीत खेळवू.

उत्तरायण
नियम दोन पानांत मावतात, रात्री टाइप करून टाकतो. साधे सहाचे फासे, माणशी तीन आकडे: ऊब, ताकद, उमेद. वाळलेल्या पोरांना उमेद जास्त द्या. आणि एक जण तरी तिथला, आधीपासूनचा असायलाच हवा, हा नियम मोडू नका.

सटवाई
नवा डाव लावायचा का आपणच? इथलेच.

मधुमालती
लावू. शनिवारी रात्री ९, एडमंटनला तेव्हा सकाळचे साडेनऊ. वहिनीला मी विचारते.

डिचोलीकर
मी येतो. लाकडाची वखार माझी, आधीच सांगून ठेवतो.

सटवाई
वखार मी घेणार होते!! बरं, मग मला खानावळ. ओंडके उधारीवर द्याल ना?

डिचोलीकर
एकटी असलात तर व्याज नाही.