टर्की चिली झटपट करायची आहे, टर्कीच्या जागी काय घेऊ? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

पुतण्या अमेरिकेत शिकतो, सध्या सुट्टीला घरी आलाय. थंडी सुरू झाल्यापासून टर्की चिलीचं (टर्की पक्ष्याचा खिमा, राजमा, टोमॅटो घालून करतात तो तिकडचा दाट रस्सा) नाव काढतोय, तर एकदा त्याला मनासारखी करून घालायची आहे.

भद्रकालीत विचारलं, नेहमीच्या चिकनवाल्यालाही विचारलं. टर्कीचा खिमा काही मिळाला नाही. मग चिकनचाच घ्यायचा, पण ब्रेस्टचा की मांडीचा? कृतीत १ पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम खिम्याला २ मोठे चमचे चिली पावडर लिहिली आहे. आपलं तिखट एवढं पडलं तर घास गिळवणार नाही! आणि राजमा डब्यातला. तो नको, घरचाच हवा. टोमॅटो पिंपळगावचे, छान लाल आहेत. मी साडेसहाला कामावरून येते, आठच्या आत पानं घ्यायची असतात. सासूबाई मांसाहार करत नाहीत, त्यांचंही त्यातच जमलं तर फार बरं होईल. कुणी केली असेल तर नीट सांगा.

प्रतिसाद:

ताई, मांडीचाच घ्या. ब्रेस्टचा खिमा पटकन कोरडा पडतो.

तिकडची चिली पावडर म्हणजे नुसतं तिखट नसतं. सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण असं ते मिश्रण असतं. तुम्ही काश्मिरी मिरची २ छोटे चमचे, जिरेपूड १, ओरेगॅनो अर्धा घाला, लसूण ताजा ठेचून. काळा मसाला कितीही हाताशी असला तरी घालू नका, मग ती आपली खिम्याची भाजीच होते.

राजमा आदल्या रात्री भिजवा, सकाळी ते पाणी टाकून नव्या पाण्यात कुकरला अगदी मऊ शिजवून फ्रिजमध्ये ठेवून जा. टोमॅटोबरोबर शिजायला लावू नका, आंबटपणामुळे दाणा लवकर मऊ होत नाही. आणि अर्धाकच्चा राजमा पोटाला बाधतो, तिथे घाई नको.

संध्याकाळी कांदा, लसूण, ढोबळी मिरची परतून मसाले आणि टोमॅटो घाला, तेल सुटलं की राजमा. सासूबाईंची वाटी इथेच वेगळी काढा. खिमा दुसऱ्या पसरट कढईत मोठ्या आचेवर पसरा आणि लगेच ढवळू नका. आधी पाणी सुटतं, ते आटून तळाला तांबूस डाग धरले की मग हलवा. चव सगळी त्या डागांत असते, म्हणून थोडं पाणी घालून तेही खरवडून घ्या. मग एकत्र करून १५ मिनिटं मंद आचेवर.

वरून घट्ट दही, कोथिंबीर, चिरलेला कांदा. सोबत मक्याची भाकरी करून बघा, पुतण्याला आवडेल.