मदत हवी आहे: फेल्युअरपर्यंत एकच सेट, मग रिकव्हरीला किती दिवस द्यायचे?

नमस्कार मंडळी, नॅचरल लिफ्टर आहे (म्हणजे स्टेरॉइड न घेता वजनं उचलतो), वय 34, चार महिने झाले आठवड्यातून दोनदाच ट्रेनिंग करतोय, वॉर्मअपनंतर प्रत्येक व्यायामाचा एकच सेट पण पूर्ण फेल्युअरपर्यंत, म्हणजे अजून एक रेप (एकदा वजन उचलणं) निघतच नाही तिथपर्यंत. सुरुवातीला दर वेळी वजन नाहीतर एखादा रेप वाढायचा. आता डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलायचा व्यायाम) तीन आठवडे अडकलीये, उलट मागच्या वेळी 120 किलोवर 6 चे 4 रेप झाले, बेंच प्रेस मात्र अजून वाढतोय.

बॉडीबिल्डर डोरियन येट्स असाच कमी सेट मारायचा आणि 1992 ते 1997 सलग 6 वेळा मिस्टर ऑलिंपिया ही बॉडीबिल्डिंग स्पर्धा जिंकला हे माहितीये, पण तो स्टेरॉइड घेत होता, मग त्याचं उदाहरण आपल्याला किती लागू पडतं? व्यायामानंतर प्रोटीन सिंथेसिस (स्नायूंमध्ये नवीन प्रोटीन बनणं) साधारण 24 ते 48 तासच वाढलेली राहते म्हणतात, पण माझा कमरेचा थकवा चार-पाच दिवस जातच नाही, यातलं नक्की कशाकडे बघायचं?

झोप सात तास, प्रोटीन किलोमागे 1.6 ग्रॅम, ते व्यवस्थित चालूये. डीलोड (काही दिवस हलकं ट्रेनिंग) घेऊ, का गॅप वाढवू, का फक्त डेडलिफ्टला एक-दोन रेप राखून थांबू? नॅचरल राहून वर्षभर तरी असं केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, ही पद्धत मला खरंच आवडलीये, सोडायची नाहीये.